वय १६, भात आणि रात्रीचं जेवण सोडून वजन कमी करू का?

तू लिहिलंयस की वय १६, गणपतीपर्यंत ६ किलो उतरवायचेत म्हणून भात आणि रात्रीचं जेवण बंद केलंय, चालेल का. नको करू गं. मी अकरावीत हेच केलं होतं म्हणून सांगतेय.

मी मालवणजवळची. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा, ती पेज मी पहिली सोडली, मग दुपारचा भात, मग रात्रीचं सगळंच. आई ओरडायची, 'आधी पोटात कायतरी घाल, मगे जा', तर एसटीत मळमळतं म्हणून सांगायचे. दोन महिन्यात वजन उतरलं, सगळे छान दिसतेस म्हणाले आणि मला अजून चेव आला. मग पाळी थांबली, चार महिने आलीच नाही, केस विंचरले की हातात यायचे, आणि मी कोणाला बोलले नाही, उलट कटकट गेली असं वाटलं. एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले तेव्हा घरी कळलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं की खाणं कमी पडलं की शरीर पाळी बंद करतं, आणि पाळी बंद राहिली की हाडंही कमजोर होत जातात. हाडं भरायचं वय तर हेच, मुलींची जवळपास ९० टक्के हाडं १८ पर्यंत भरतात. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकात १६ ते १८ च्या मुलीला रोज साधारण २५०० कॅलरी आणि ३२ मिलिग्रॅम लोह लागतं असं दिलंय, दोन काकड्या आणि लिंबूपाण्यात ते कुठून येणार?

मी पेज परत सुरू केली, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, तारल्या, बांगडे, सगळं खाल्लं, जेवणावर लगेच चहा घेणं सोडलं कारण त्याने लोह नीट लागत नाही. बंद केलं ते फरसाण आणि कोल्ड्रिंक, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला लागले. पाळी यायला तरी पुढचे तीन महिने गेले.

आणि ६ किलो जास्त आहेत हे तुला कोणी सांगितलं? ॲपमधला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बहुतेक मोठ्या माणसांच्या हिशोबाचा असतो, तुझ्या वयाला वयानुसार वेगळा चार्ट असतो, तो डॉक्टरकडून बघून घे. आज रात्री जेव. पाळी पुढे गेली असेल तर आजच आईला सांग, माझ्यासारखं चार महिने थांबू नको.