कॉन्फेडरसीचा रोखा आणि तुमचा इसार

प्रश्न: मी नोकरीनिमित्त अटलांटात असतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या एका विक्रेत्याने मला कॉन्फेडरसीचा (अमेरिकी गृहयुद्धात संघातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सरकारचा) १८६३चा हजार डॉलरचा रोखा दिला आहे. खालची व्याजाची बरीच कुपनं अजून कापलेली नाहीत. तो म्हणतो, जॉर्जिया राज्याने रीतसर ठराव करून अमेरिकी संघ सोडला होता, त्यामुळे हे कर्ज कायदेशीर आहे आणि राज्याला ते व्याजासह फेडावंच लागेल. ८०० डॉलर इसार दिलाय, ४,००० बाकी आहेत. काय करू?

उत्तर: उरलेले पैसे मुळीच देऊ नका.

ठराव झाला हे खरं आहे. मिलेजव्हिल या जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या अधिवेशनात १९ जानेवारी १८६१ रोजी तो २०८ विरुद्ध ८९ मतांनी मंजूर झाला. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघ सोडतोय, हे या राज्यांनी तेव्हा स्वतःच लिहून ठेवलंय. पण मतदान रीतसर झालं म्हणून नसलेला अधिकार येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला टेक्सास विरुद्ध व्हाइट हा १८६९चा खटलाही रोख्यांचाच होता. टेक्सासच्या बंडखोर सरकारने आपल्याकडचे अमेरिकी रोखे युद्धकाळात विकून टाकले आणि युद्धानंतर राज्याने ते परत मागितले. संघ सोडण्याचा ठराव मुळातच शून्य होता, राज्य संघाबाहेर कधी गेलंच नाही, असं सरन्यायाधीश चेस यांनी निकालात म्हटलं. त्या काळातली लग्नं, वारसा, मालमत्तेचे व्यवहार कोर्टाने वैध धरले. बंडाला हातभार लावणारे व्यवहार तेवढे बाद केले.

विक्रेता याच्यातून पळवाट काढू पाहील, म्हणून दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संविधानाच्या १४व्या दुरुस्तीचं (१८६८) चौथं कलम सांगतं की बंडासाठी काढलेलं कर्ज ना केंद्र फेडेल, ना कुठलं राज्य. मुक्त झालेल्या गुलामांबद्दल मालकांना भरपाई नाही, हेही त्याच वाक्यात आहे. माणसांना मालमत्ता समजून मांडलेला तो सगळा हिशेब तिथे कायमचा मिटवला गेला, आणि ते योग्यच झालं. तुमच्या रोख्याला किंमत आहे ती संग्राहकाच्या बाजारातली; ती स्वतंत्र जाणकाराकडून काढून घ्या.

आता इसाराचं. इथे एक अडचण आहे. कायद्याबद्दल कुणी चुकीचं मत दिलं, तर कोर्ट त्याला सहसा फसवणूक मानत नाही. त्यामुळे त्याने खोटी वस्तुस्थिती सांगितली होती का, ते शोधा. ‘एका गिऱ्हाइकाला राज्याने पैसे दिले’ असं काही लेखी आहे का? सगळे ईमेल, मेसेज, पावती जपून ठेवा.

जॉर्जियाच्या कायद्यात फसवणुकीवरून करार रद्द करायचा तर फसवणूक कळताच हालचाल करावी लागते आणि मिळालेली वस्तू परत देण्याची तयारी दाखवावी लागते. म्हणून लेखी नोटिशीतच रोखा परत करतो असं स्पष्ट लिहा. कुपनं कापू नका, लॅमिनेशन करू नका. त्याने ऐकलं नाही तर १५,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) चालतात, तिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं. नोटीस मात्र तिथल्या वकिलाच्या नजरेखालून घालून या आठवड्यातच पाठवा.