चढावर वाढणारी टिकटिक

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी २,४०,००० किलोमीटर चालली आहे. काही महिन्यांपासून इंजिनातून टिकटिक येते. सकाळी गाडी चालू केली की सर्वांत जास्त, दहा-पंधरा मिनिटांनी बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही. एका मेकॅनिकने टॅपेट सेट केले, फरक पडला नाही. दुसऱ्याने ५डब्ल्यू-३० ऐवजी जाड २०डब्ल्यू-५० ऑइल घातले, तरी तेच. आता तिसरा म्हणतो, हेड उतरवावे लागेल. आणखी एक, महत्त्वाचे आहे की नाही माहीत नाही : चढावर आवाज वाढतो आणि उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की जवळजवळ बंद होतो. हेड उतरवू का?

उत्तर : हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नका उतरवू, निदान इतक्यात तरी नाही. ‘महत्त्वाचे आहे की नाही माहीत नाही’ म्हणून शेवटी लिहिलेलं तुमचं वाक्य मी सगळ्यात आधी धरलं.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाची झडप) ढकलून उघडणारा भाग. त्याला चढ-उतार कळत नाही. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट जास्त झाली, तर इंजिन जितकं पळेल तितक्या वेगाने ती वाजते, मग गाडी चढावर असो की उभी असो. इंजिनावर ताण आला की वाढणारा आणि पाय काढताच विरणारा आवाज बहुधा सिलिंडरमधल्या जळणाच्या दाबाशी बांधलेला असतो. त्यातले मुख्य संशयित दोन. एक, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे जोडातल्या सीलमधून, फुटणारा वायू. दुसरा, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं, झिजलेलं बेअरिंग. दुसऱ्याचं नाव ऐकून घाबरू नका, कारण तुमच्याच पत्रात त्याच्याविरुद्ध पुरावा आहे. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि झिजलेलं बेअरिंग जास्त ठोकतं. तोही आवाज टिकटिक नसतो, खोल ‘ठक-ठक’ असतो. तुमचं उलट आहे : थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी. मॅनिफोल्ड तापून फुगतो आणि गळणारी फट दाबली जाते, तेव्हा असंच होतं. ऑइल बदलूनही काही झालं नाही, कारण दुखणं ऑइलच्या वाटेवर नसावं.

आवाज मोजून निदान करायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात टिकटिक. हिशोब बरोबर आहे, पण इथे निरुपयोगी. एका सिलिंडरचा धूरसुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो, त्याचेही मिनिटाला ४००च. मॅनिफोल्डची गळती टॅपेट म्हणून खपते ती यामुळेच, आणि भले भले कान इथे गंडतात.

आता तपासणी. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं आणि गाडी मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नाही. मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं आवरण काढा आणि टॉर्च मारून हेडला जिथे तो बसतो तो जोड नीट बघा. काळी काजळी पसरलेली दिसली, तर अर्धं काम झालं. मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे आट्यांचे दांडे, म्हणजे स्टड, मोजा. कडेचे, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या टोकाचे स्टड खास बघा. मॅनिफोल्ड हेडपेक्षा जास्त फुगतो-आकसतो आणि त्याची ओढाताण टोकांना सर्वांत जास्त बसते. तिथला स्टड तुटून नट गळून पडलेला सापडणं अगदी नेहमीचं. बिडाच्या मॅनिफोल्डला बारीक चीरही जाते.

काजळी दिसली नाही, तर इंजिन चालू करा. सोबतच्या माणसाला हातमोजे घालून सायलेन्सरचं तोंड जाड कापडाच्या घडीने दोन-चार सेकंद अर्धवट दाबायला सांगा. आतला दाब वाढतो आणि गळतीची फुसफुस स्पष्ट होते. ऐकायला अर्धा मीटर रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ धरा, दुसरं जोडावरून फिरवा. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायची जुनी पद्धत इथे नको, कारण तो धातूची थरथर पकडतो आणि तुम्हाला हवेचा आवाज शोधायचाय. बाही, केस आणि नळी बेल्ट-पंख्यापासून लांब ठेवा.

शेवटची खात्री : पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काही सेकंदांसाठी काढून बघा. ज्या सिलिंडरला टिकटिक गप्प होते, तिथेच गळती. ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचं काढू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं. आणि हे सगळं करण्याआधी स्पार्क प्लग घट्ट आहेत ना ते बघा. ढिल्या प्लगच्या कडेनेही दाब सुटतो आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणी बघत नाही.

गळती सापडली की नवीन गॅस्केट, नवीन स्टड आणि नट. जुन्यांवर गंज उतरवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. मॅनिफोल्डचा चेहरा सपाट आहे का ते पोलादी पट्टी टेकवून बघायला सांगा, वाकलेल्यावर नवीन गॅस्केटही टिकत नाही. नट मधून कडेकडे, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच (जोरानेच) आवळायचे. वरून पेस्ट फासून देणारा कुणी भेटला, तर नमस्कार करून निघा.

हे काम फार लांबवू मात्र नका. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही की वास नाही, आणि बॉनेटखालून तो गाडीच्या आत शिरू शकतो. शिवाय धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडी विनाकारण जास्त पेट्रोल पिऊ लागते. ॲव्हरेज घटलं असेल, तर तेही इथूनच असू शकेल.

दोन गोष्टी मात्र उलट्या फिरवून घ्या. ऑइल परत ५डब्ल्यू-३० करा. जाड ऑइल थंडीत वर पोचायला वेळ लावतं. आणि टॅपेट कसे सेट केले ते विचारा. पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून केले असतील, तर ठीक. आवाज जावा म्हणून अंदाजाने आवळले असतील, तर पुन्हा मोजून घ्या. फट कमी पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता निघून जात नाही आणि तो जळतो. मग खरंच हेड उतरवावं लागेल.

यातलं काहीच निघालं नाही, तरी हेडच्या आधी ऑइल प्रेशर मोजा. प्रेशर स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावायचा आणि इंजिन गरम असताना बघायचं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागत नाही म्हणून सगळं आलबेल समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो.

प्रश्न : सकाळी पहिले दोन-तीन सेकंद जोरात टकटक होते, मग दिवसभर काही नाही. हायड्रॉलिक टॅपेट बदलायला सांगितले आहेत.

उत्तर : आधी ऑइल फिल्टर बदला. त्याच्या आत रबरी झडप असते, ती रात्री ऑइल खाली उतरू देत नाही. स्वस्तातल्या फिल्टरची झडप कडक झाली की वरचे मार्ग रिकामे होतात आणि ऑइलच्या दाबावर चालणारे हे टॅपेट भरेपर्यंत वाजतात. ऑइलची पातळीही बघा, कमी नको तशी जास्तही नको. क्रँकने ऑइल घुसळून त्यात फेस झाला, तरी टॅपेट वाजतात. इंजिन फ्लशच्या बाटलीपासून मात्र लांब राहा. जुन्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

प्रश्न : रेस दिली तरी टिकटिकीचा वेग बदलत नाही. हे कसे?

उत्तर : मग तो आवाज इंजिनच्या फिरणाऱ्या भागाचा नाही. पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह शोधा, त्यावर बोट ठेवा, ठोका बोटाला लागेल. त्याचं कनेक्टर काढल्यावर आवाज थांबला, तर तोच. हळू टिकटिकणं हे त्याचं कामच आहे. इंजिन चेकचा दिवा लागलेला नसेल, तर कनेक्टर परत लावा आणि बॉनेट बंद करा.