टी-पॅडवर सिमेंट टाकायच्या आधी खालची काळी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात ले-आउटच्या मोकळ्या मैदानात वर्गणी काढून नऊ बास्केटचा डिस्क गोल्फ (तबकडी फेकत-फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) कोर्स उभा केला, पण टी-पॅड, म्हणजे पहिली फेक जिथे उभं राहून करायची ते चौथरे, अजून नुसत्या मातीचेच आहेत. पावसात पाय घसरतो, उन्हाळ्यात भेगा पडतात. तर आता सगळीकडे सिमेंटचा कोबा टाकून मोकळं व्हावं का? माझा धंदा बांधकामाचा आणि डिस्क फेकायचा नाद जुना, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो.

सिमेंट टाका, पण या वर्षी नको. या वर्षी पैसा जमिनीखाली घाला.

आधी सब्बल घेऊन मैदानात फिरा आणि प्रत्येक टीजवळ एक खड्डा करून बघा. सेमिनरी हिल्ससारख्या टेकडीच्या अंगाला असाल तर फूटभरावर मुरूम लागेल, मग तुमचं निम्मं काम झालं. पण तीन-चार फुटांपर्यंत काळीच निघत असेल, तर खेळ वेगळा आहे. काळी पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर. म्हणजे ही माती दरवर्षी पूर्ण फुगणार आणि पूर्ण सुकणार. अशा जमिनीत घर बांधताना आपण अंडर-रीम पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) टाकून खाली जातो. चार इंचांच्या टी-पॅडला तेवढा खर्च कोण करेल? म्हणून पॅडच्या खालची वरवरची काळी काढून टाकायची आणि मुरूम भरायचा. माझ्याकडचा एक जुना मिस्त्री म्हणतो, "काळीवर कोबा टाकसान तं टाका साहेब, थे दोन पावसाळ्यात रंग दाखवते." कडा उचलल्या जातात, मधोमध तडा जातो, आणि तडा नेमका तिथे पडतो जिथे पाय रोवायचा असतो.

पॅड किती मोठं? लांब होलवर (होल म्हणजे एका टीपासून तिच्या बास्केटपर्यंतचा टप्पा) 6 फूट रुंद, 12 फूट लांब पुरतं. मागच्या बाजूला जागा असेल तर रुंदी थोडी वाढवा, धावत येताना तिरपं यायची सोय होते. पण नऊच्या नऊ पॅड एवढे करू नका. ज्या होलवर लोक उभ्या-उभ्या पटर किंवा मिडरेंज (जवळच्या आणि मधल्या पल्ल्याच्या डिस्क) फेकतात, तिथे 5 बाय 8 चं केलं तरी कुणी नाव ठेवणार नाही. वाचलेला पैसा ड्रायव्हर (लांब पल्ल्याची डिस्क) फेकायच्या तीन-चार होलांवर लावा.

खड्डा मात्र पॅडपेक्षा चारही बाजूंनी फूटभर मोठा घ्यायचा. 6 बाय 12 च्या पॅडला 8 बाय 14 चा, दीड फूट खोल. खालचे 14 इंच कडक मुरूम, सहा-सहा इंचांचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने ठोकायचा. एका पॅडला पावणेदोन ब्रासच्या (ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास मुरूम लागेल. ट्रक रिकामा करायच्या आधी मूठभर मुरूम ओला करून बोटांत चोळून बघा. मातकट, चिकट लागला तर परत पाठवा. वरचे चार इंच गिट्टी-चुरी (खडी आणि दगडाचा भुगा) मिसळून भरा, ठोका, आणि एक पावसाळा त्यावरच खेळा.

आता ज्या गोष्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही ती. काळीत खड्डा करून त्यात मुरूम भरला, की खालची काळी पाणी सोडत नाही आणि तुमचा खड्डा म्हणजे जमिनीखालचा हौद होतो. वरून पॅड कोरडं दिसतं, खाली पाणी साचून असतं, आणि तेच पाणी हळूहळू आजूबाजूच्या मातीत जाऊन तिला फुगवतं. म्हणून खड्ड्याच्या तळाशी, सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून, एक वीतभर रुंद चर मैदानाच्या उताराकडे काढा आणि तो मोठ्या गिट्टीने भरा. चर उघड्यावर निघाला पाहिजे, नाहीतर केला न केला सारखाच. मला विचाराल तर हा चर वरच्या सिमेंटपेक्षा महत्त्वाचा आहे. अर्ध्या पैशात फक्त चर आणि मुरूम होत असेल तर तेवढंच करा, सिमेंट राहू द्या.

एक पावसाळा चुरीवर खेळायला सांगतो त्याला दुसरंही कारण आहे. टीची जागा बरोबर आहे की नाही, हे खेळल्याशिवाय कळत नाही. समोरचं कडुलिंबाचं झाड आडवं येतं, डिस्क वारंवार शेजाऱ्याच्या कुंपणात जाते, संध्याकाळी फिरणाऱ्या काकू-आजोबांच्या वाटेवरून फेकावं लागतं, असं काहीतरी निघतंच. चुरीची टी दहा फूट सरकवता येते. काँक्रीटची सरकवायला ब्रेकर आणावा लागतो. आणि नियमांना पक्कं पॅड लागतच नाही. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे पॅड नसेल तर टीची रेघ आणि तिच्या मागचे 3 मीटर ही टी-एरिया धरतात. डिस्क सुटताना पाय त्या आत हवेत. आधी मागून धावत येणं आणि नंतर तोल सावरत पुढे जाणं चालतं. दोन खुंट्या ठोकल्या की टी तयार.

शिवाय जागा कोणाच्या नावावर आहे तेही याच काळात बघून घ्या. ले-आउटची मोकळी जागा म्हणजे आपलीच, असं सगळे समजतात. कागदावर ती नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा मनपाकडे असू शकते. मुरूम टाकला तर सहसा कुणी विचारत नाही, पक्कं बांधकाम दिसलं की विचारतात. लेखी परवानगी घेऊनच काँक्रीटला हात लावा.

पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, जागा पक्की ठरलेल्या पॅडची वरची चार इंच चुरी उकरा आणि तेवढ्यातच काँक्रीट टाका. मुरूम एव्हाना बसलेला असेल. काढलेली चुरी फेकू नका, ती पॅडच्या समोर लागणार आहे. 6 बाय 12 चं, चार इंच जाडीचं एक पॅड म्हणजे 24 घनफूट काँक्रीट. 1 : 1.5 : 3 च्या (सिमेंट : रेती : गिट्टी) मालाला साडेपाच पोती सिमेंट, 10 घनफूट रेती, 20 घनफूट गिट्टी. सगळी नऊ पॅड मोठी केली तरी सुमारे 50 पोती, एक ब्रास रेती आणि दोन ब्रास गिट्टीत काम होतं; माल एकदम मागवला तर भाव करता येतो. मधोमध, आडवी, इंचभर खोल खाच पाडून घ्या, म्हणजे तडा गेलाच तर त्या रेघेत जाईल. उतार पाठीमागे द्या, 12 फुटांत दीड इंच. पुढे दिला तर शेवटचं पाऊल उतारावर पडतं आणि तोल जातो.

वरचा पृष्ठभाग थापीने गुळगुळीत करू देऊ नका. मिस्त्री लोकांना सवय असते, अंगण केल्यासारखं चकचकीत करून देतात आणि वर अभिमानाने दाखवतात. त्याला आधीच सांगून ठेवा, की माल थोडा आवळला की खराटा फिरवायचा, फेकण्याच्या दिशेला आडवा, एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत. रेघा बोटाला खरखरीत लागल्या पाहिजेत, पण फार खोलही नकोत. बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) फेकताना पुढचा पाय रोवला जातो आणि त्याच टाचेवर शरीर वळतं. पाय घसरला तर माणूस पडतो, पण पाय अजिबात वळलाच नाही तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. दुसरं जास्त वाईट.

तराईत, म्हणजे काँक्रीटला पाणी मारण्यात, कंजुषी नको. आपल्याकडे बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं. त्यात औष्णिक वीज केंद्राची राख असते आणि ते ताकद सावकाश पकडतं. बारदान अंथरून किमान दहा दिवस ओलं ठेवा, चौदा ठेवलं तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका. हवा 40 अंशांच्या वर गेली की भारतीय मानकही त्याला उष्ण हवामानातलं काँक्रीट म्हणून वेगळे नियम लावतं. वर्गणीच्या कामात ते कोण पाळणार!

पॅडच्या पुढची कड हा अपघाताचा दुसरा अड्डा. फेकल्यावर माणूस एक-दोन पावलं पुढे जातोच. तिथे चार इंचांची पायरी असली की घोटा मुरगळलाच म्हणून समजा. काढून ठेवलेली चुरी इथे, पुढचे चार फूट, पॅडच्या बरोबरीने भरून ठोका. दर पावसाळ्यानंतर ती थोडी वाहून जाते, पुन्हा भरावी लागते. त्याला इलाज नाही.

आणि जुलैत सगळ्यात निसरडं काय असतं माहीत आहे? खरखरीत काँक्रीटवर आलेला काळीचा चिखल. आधीच्या होलवरून येईपर्यंत बुटाला तळवाभर जाड थर चिकटतो आणि तो पॅडवर लोण्यासारखा पसरतो; खराट्याच्या रेघा त्यात बुजून जातात. म्हणून प्रत्येक पॅडच्या मागे एक लोखंडी पट्टी उभी रोवा, बूट घासायला. इतवारीत लोहाओळीत कुणीही कापून देईल. शेजारी एक खराटा बांधून ठेवा, दोरीने, नाहीतर आठवड्यात गायब होतो.

गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावू का, असं कुणीतरी सुचवणारच, कारण ते आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. कडेला काँक्रीटची पट्टी भक्कम नसेल तर गट्टू सरकतात, एखादा खाली बसतो आणि नेमकी त्याच्या कोपऱ्यावर टाच अडते. लहान होलवर चालतील, धावत येऊन फेकायच्या टीवर नको. कृत्रिम हिरवळीची पकड चांगली असते, पण मेमध्ये ती तव्यासारखी तापते आणि खालचा पाया तर तेवढाच करावा लागतो. लाकडी चौकट करून त्यात चुरी भरायची परदेशी पद्धत आहे. आपल्याकडे लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण.

तुमच्या मैदानाचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि जवळ पावसाळी नाली आहे का, हे खाली कॉमेंटमध्ये लिहा. शक्य असेल तर खड्ड्यांचे फोटो टाका. मग चर कुठून काढायचा आणि कुठल्या पॅडला तो लागणारच नाही, ते सांगता येईल.