बायबल वाचताना मन लागत नाही, काय करू?

प्रश्न: ताई, लहानपणापासून चर्चला जातेय, संडे स्कूलपण शिकवलंय, पण हल्ली बायबल उघडलं की सगळं पाठच वाटतं. वर्षभरात पूर्ण वाचायचा प्लॅन दरवेळी लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापाशी अडकतो. माझी श्रद्धा कमी झाली का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: अगं, लेवीयपाशी भलेभले अडकतात, त्यावरून श्रद्धा कशाला मोजतेस! तो प्लॅन सध्या ठेव बाजूला. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची कथा, घे, 16च अध्याय आहेत, आणि एका बैठकीत वाचून काढ, गोष्ट वाचतो तसं. अध्याय पाडले 13व्या शतकात, वचनांचे आकडे तर 16व्या शतकातले, मूळ लिखाणात हे काहीच नव्हतं, आणि आपण मात्र रोज एक तुकडा खाऊन उठतो. आता 8वा अध्याय बघ, बेथसैदाच्या आंधळ्याला येशू हात लावतो तरी त्याला माणसं चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात, मग परत हात ठेवल्यावर नीट दिसतं. सुटं वाचलं तर विचित्रच वाटतं ना, पण लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो तू ख्रिस्त आहेस, आणि थोड्याच वेळात येशूला दुःख सोसावं लागणार हे ऐकून त्यालाच दटावायला लागतो, म्हणजे पेत्रालाही अजून अर्धवटच दिसतंय! मला तरी ही जोडणी सलग वाचल्यावरच लक्षात आली.

आणि ज्या दिवशी प्रार्थनाही नको वाटेल तेव्हा बायबलमधलं 88वं स्तोत्र मोठ्याने वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया वगैरे काही नाही. लेवीय नंतर बघू.