वाचकांचे प्रश्न : चूक कामगाराची असली तरी भरपाई मिळते का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ प्रेस मशीनवर काम करतो. गेल्या महिन्यात अडकलेला पत्र्याचा तुकडा काढताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मशीनची संरक्षक जाळी तारेने वर बांधून ठेवलेली होती, कारण जाळी खाली असली की पाळीचे उत्पादन कमी निघते. आता व्यवस्थापन म्हणते, मशीन बंद न करता हात घातला ही त्याचीच चूक आहे; तरीही ‘माणुसकी म्हणून’ एकरकमी पैसे देऊ, मात्र ‘यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही’ अशा कागदावर त्याने सही करावी. भाऊ स्वतःलाच दोष देत बसला आहे. त्याने सही करावी का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आज तरी सही करू नये. एकदा केलेली सही मागे घेणे फार अवघड जाते, आणि बोटांच्या जखमा भरून हात किती काम देतो हे कळायच्या आधीच रकमेचा हिशेब मिटवणे कोणत्याही कामगाराच्या हिताचे नसते.

चूक कोणाची, हा प्रश्न एके काळी निर्णायक होता. 1837 साली इंग्लंडमध्ये एका खाटिकाकडे काम करणाऱ्या मुलाची मांडी मोडली, कारण मालकाची गाडी प्रमाणाबाहेर भरलेली होती. पंचांनी त्याला शंभर पौंड देऊ केले, पण वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. गाडीचा धोका नोकरालाही मालकाइतकाच कळण्यासारखा होता आणि तो गाडीवर बसायला नकार देऊ शकत होता, असे कारण दिले गेले. पुढे कित्येक दशके कामगार याच भिंतीवर डोके आपटत राहिले : धोका तू पत्करलास, चूक तुझीही आहे, नाहीतर तुझ्या सोबत्याची आहे. तीनपैकी एक तरी उत्तर मालकाला मिळून जाई.

ही भिंत मोडली ती 1884 च्या जर्मन अपघात विमा कायद्याने आणि 1897 च्या ब्रिटिश कायद्याने. यंत्रावर दिवसभर राबणाऱ्या माणसाचा हात कधी तरी चुकणारच आणि तो चुकण्याची किंमत उत्पादनाच्या खर्चातच धरली पाहिजे, हा त्यामागचा विचार मला आजही अत्यंत न्याय्य वाटतो. जर्मनीत मालकांच्या वर्गणीतून विमा उभा राहिला आणि पूर्ण अपंगत्व आलेल्या कामगाराला वेतनाचा दोन तृतीयांश भाग मिळू लागला. त्या बदल्यात कामगारानेही काही सोडले. वेदनेची, मनस्तापाची पूर्ण भरपाई मागण्याचा दावा बहुतेक ठिकाणी मागे पडला. मिळते ती उपचारांची आणि बुडालेल्या कमाईची भरपाई. म्हणूनच ‘माणुसकी म्हणून’ हा शब्द मला खटकतो. ज्या हक्कासाठी कामगाराने आपला मोठा दावा सोडला, तो हक्क त्याला उपकार म्हणून देता येत नाही.

सर्वसाधारणपणे दोनच गोष्टी पाहिल्या जातात : इजा काम चालू असताना झाली का, आणि ती त्या कामातून उद्भवली का. घाईत हात आत घालणे हा साधा निष्काळजीपणा झाला. एवढ्यावरून हक्क जात नाही. अपवाद आहेत, पण ते वेगळे : स्वतःला मुद्दाम इजा करणे, नशेत असणे आणि काही कायद्यांत सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढणे. शेवटच्या अपवादामुळे तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील ती तार ठरते. ती कोणी बांधली? कोणाच्या सांगण्यावरून? आधीच्या पाळीतही ती तशीच होती का? सुपरवायझर रोज ती पाहून पुढे जात असेल, तर भावाने स्वतःच्या मनाने जाळी काढली असे म्हणणे कठीण होते. मशीनचे छायाचित्र कोणाकडे असेल तर ते जपून ठेवा आणि शेजारच्या मशीनवरच्या सोबत्यांचे म्हणणे आठवण ताजी आहे तोवर तारखेसह लिहून घ्या.

भावाची स्वतःची हकीकतही आजच लिहून काढा, तो सांगेल त्याच शब्दांत. अशा प्रकरणांचे कागद मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे; एकदा तर माणूस शुद्धीवर येण्याआधीच त्याच्या अपघात अर्जात कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ असे लिहून झालेले होते. तुमच्या भावाच्या अर्जात काय लिहिले आहे ते पाहा आणि त्याची प्रत मागून घ्या. मालकाला अपघाताची लेखी सूचना देऊन पोच घ्या. सूचनेला आणि दाव्याला मुदत असते, ती प्रत्येक कायद्यात वेगळी असल्याने कामगार संघटनेकडे किंवा वकिलाकडे याच आठवड्यात चौकशी करा. रुग्णालयाचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि पगारपावत्या एकत्र ठेवा.

रकमेविषयी थोडे. अनेक कायद्यांत कोणते बोट, कोणत्या पेरापर्यंत गेले यानुसार टक्केवारी ठरलेली असते आणि अंगठ्याचे मोल इतर बोटांहून जास्त धरले जाते. पण बोटे मोजून संपत नाही. पकड किती उरली हे महत्त्वाचे. त्याला शर्टाचे बटण लावता येते का, पाना घट्ट धरता येतो का, हे डॉक्टरांना करून दाखवायला सांगा आणि प्रमाणपत्रात ते नोंदवून घ्या.

भावाला एवढे सांगा की, जाळी खाली असती तर त्याचा हात आत गेलाच नसता.

प्रश्न : कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला, तर तो कामावरचा अपघात धरतात का?

उत्तर : हे देशोदेशी वेगळे आहे. जर्मनीने 1925 पासून घर ते कामाची जागा हा प्रवास विम्यात घेतला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1964 च्या करारानेही, असा अपघात कोणत्या अटींवर कामाचा मानायचा हे सामान्यतः प्रत्येक देशाच्या व्याख्येवर सोडले आहे. मालकाने दिलेल्या वाहनात असाल किंवा मालकाच्या कामासाठीच वाट वाकडी केली असेल, तर दावा बळकट होतो. वाटेत खाजगी कामासाठी थांबला असाल, तर तो कमकुवत होतो.