डोळ्याच्या खोबणीत अडकलेला छर्रा डॉक्टर का काढत नाहीत?

तुमच्या भावाच्या डोळ्याच्या खोबणीत एअरगनचा छर्रा अडकला आहे, नजर शाबूत आहे आणि तरीही डॉक्टर ‘राहू द्या’ म्हणतात, हे योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. रुग्ण न तपासता निर्णय देणे उचित नाही, पण या सल्ल्यामागचे कारण सांगता येईल.

खोबणीत जेमतेम 30 मिलीलिटर जागा असते. तेवढ्यात नेत्रगोल, तो फिरवणारे सहा स्नायू, दृष्टीची मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि या सर्वांना वेढणारी चरबी असते. शिवाय मागे ती जागा निमुळती होत जाते. सीटी स्कॅनवर ठसठशीत दिसणारा छर्रा शस्त्रक्रियेत त्या पिवळ्या, लिबलिबीत चरबीत सापडता सापडत नाही आणि चिमट्याचे टोक लागताच निसटून आणखी आत जातो. चरबी जोराने ओढली आणि मागची एखादी रक्तवाहिनी फाटली, तर साचलेल्या रक्ताच्या दाबाने चांगली नजरही जाऊ शकते. चुंबकाने काढता येईल का, असे नातेवाईक हमखास विचारतात. शिसे चुंबकाला दाद देत नाही.

शिसे किंवा पोलाद खोबणीत सहसा तंतुमय आवरणात गुंडाळले जाते आणि वर्षानुवर्षे उपद्रव न देता पडून राहते. तांब्याचे तसे नाही. त्याने जंतुसंसर्ग नसतानाही पू होऊ शकतो, म्हणून ते काढण्याकडेच आमचा कल असतो. लोखंडाचा कण नेत्रगोलाच्या आत शिरला असेल तर तो प्रश्नच निराळा, कारण तेथे गंज दृष्टिपटल निकामी करतो.

छर्रा पुढच्या भागात बोटाला लागत असेल, पू होत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा नजर वा रंगांची जाण मंदावत असेल, तर मात्र तो काढावा लागतो. त्यासाठी पापणीच्या आतून छेद घेतात, खोलवरच्या छर्र्यासाठी बाहेरच्या बाजूचे हाड तात्पुरते बाजूला करतात, तर आतल्या भिंतीलगतचा छर्रा कधी नाकातून दुर्बिणीने काढता येतो.

धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, ते पाहा. छर्रा पोलादी असल्यास एमआरआयमध्ये तो हलू शकतो; तेव्हा भावाला पुढे कोणत्याही कारणाने एमआरआय सांगितला, तर यंत्रात जाण्यापूर्वी छर्र्याची माहिती आणि जुना सीटी स्कॅन तेथील डॉक्टरांना दाखवा.