सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) हा भूदल, नौदल अन हवाईदल ह्या तिन्ही दलप्रमुखांचा साहेब असतो का? आणि सरकारला त्याचं ऐकावंच लागतं का?

नाही अन नाही. तिन्ही चीफवर त्याचा हुकूम चालत नाही. तिन्ही दलांच्या सामाईक गोष्टींवर तो रक्षामंत्र्याला सल्ला देतो, आपापल्या दलाचं चीफ थेट मंत्र्याला सांगतातच. ऐकायचं की नाही ते मंत्र्याच्या हातात.

आता मी काहून लिहायलो ते सांगतो. मी 17 वर्षं फौजेत क्लार्क होतो, आमचे दाजी महसुलातून अव्वल कारकून म्हणून रिटायर. मागच्या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, झेडपी शाळेत झेंडावंदन झालं, हातात जिलेबीचा कागद, अन दाजी चारचौघांत म्हणले, फौजीनं बंदूक धरावी, सरकारात तोंड घालू नये, नाहीतर आपला पाकिस्तान होईल. कॅन्टीनची रम मात्र ह्यांना दर महिन्याला फौजीचीच लागते!

म्हणलं दाजी, आज झेंडा कशाचा लावला? 48 ला निजामाचे रझाकार मोडून जनरल चौधरी हैदराबादचे मिलिटरी गव्हर्नरच झाले होते की, आपल्या आज्या-पणज्यावर सव्वा वर्ष त्यांचंच राज्य होतं, अन 49 च्या शेवटाला चार्ज देऊन गेले गपचूप, कुठं पाकिस्तान झाला? अन तेच चौधरी 65 ला आर्मी चीफ. 1 सप्टेंबरला पाकिस्तानी टँक छांबमध्ये घुसले, चौधरी अन एअरफोर्सचे चीफ अर्जनसिंग तेव्हाचे रक्षामंत्री यशवंतराव चव्हाणांकडं विमानं वापरायची परवानगी मागायला आले, यशवंतरावांनी कुणाची वाट न बघता तिथंच हो म्हणलं, अंधार पडायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. फौजीनं तोंड घातलं म्हणूनच ना?

दाजी बोटाचा पाक चाटत म्हणले, "ते यशवंतराव होते म्हणून." म्हणलं मी दुसरं काय म्हणायलो! सल्ला देणारा असून भागत नाही, घेणारा पण लागतो. कारगिलनंतर 2001 मध्येच मंत्रिगटानं सीडीएस नेमा म्हणून लिहून दिलं होतं, पहिले सीडीएस रावत साहेब बसले 1 जानेवारी 2020 ला. डिसेंबर 2021 ला ते हेलिकॉप्टर अपघातात गेले तर खुर्ची नऊ महिने रिकामी. तलाठ्याची जागा एवढी रिकामी राहिली तर आमच्या गावात मोर्चा निघतो.

आता एक राहिलं. सल्ला देणारा चुकतो पण. 65 च्या लढाईच्या शेवटी शास्त्रीजींनी ह्याच चौधरींना विचारलं की अजून लढलो तर मोठा विजय मिळेल का, हे म्हणले पुढच्या फळीचा दारूगोळा बराचसा संपलाय. नंतर हिशोब लागला तर 14 टक्केच्या आसपासच उडाला होता. म्हणून मंत्र्यानं उलटून दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, तेवढं दाजींचं बरोबर आहे. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही, ते मोबाईलवर भजनं सोडून काही बघत नाहीत म्हणून इथं लिहायलो.